एकपानी कविता आणि तिचे संग्राहक

छापील सुट्या कागदाचे आयुष्य फार थोडे असते. ग्रंथाला पुठ्ठ्याचे संरक्षण असते, शिवणीचा आधार असतो आणि कपाटात उभे राहण्याचा मान असतो. सभेचे पत्रक, जाहिरात, निमंत्रण, सूचना यांपैकी कशालाही तो लाभत नाही. काम संपले की असा कागद पुडी बांधण्याच्या उपयोगी पडतो आणि तेथेच त्याचा इतिहास संपतो. अशा या अल्पायुषी कागदावर कोणी कविता छापली, तिच्या मुद्दाम थोड्याच प्रती काढल्या, आणि दुसऱ्या कोणी ते कागद जमवून जन्मभर सांभाळले, तर त्या दोघांच्याही उद्योगामागे काही सबळ कारण असले पाहिजे. इंग्रजीत ‘ब्रॉडसाइड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एकपानी कवितेची आणि तिच्या संग्राहकांची हकीकत त्या कारणासाठी ऐकण्याजोगी आहे.

ब्रॉडसाइड म्हणजे मुळात एकाच बाजूने छापलेला अखंड कागद. युरोपात मुद्रणकला स्थिर झाल्यावर राजाज्ञा आणि जाहीरनामे अशा कागदांवर छापून भिंतींवर लावले जात. शासनाने जी सोय आपल्यासाठी निर्माण केली ती लोकांनीही लवकरच उचलली. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत इंग्लंडमधील रस्त्यांवर पोवाड्यासारखी कथागीते अशाच कागदांवर छापून पेनी, अर्धा पेनी किमतीला विकली जात. वर एखादे लाकडी ठशाचे चित्र, खाली गीत, आणि हे गीत अमुक चालीवर म्हणावे अशी सूचना. फाशी, युद्ध, दर्यावर्दींची साहसे, फसलेली प्रेमे असे त्यांचे विषय. विकणारा ते गाऊन दाखवी आणि घेणारा घरी नेऊन भिंतीला चिकटवी. ही सारी छपाई स्वस्त, घाईची आणि पुष्कळदा ओबडधोबड असे. चित्राचा गीताशी संबंध असेलच अशी खात्री नसे, कारण छापखान्यात जो ठसा हाताशी असेल तो लावून दिला जाई.

हे कागद आज पाहावयास मिळतात ते काही थोड्या छांदिष्ट माणसांमुळे. दैनंदिनीकार म्हणून प्रसिद्ध असलेला सॅम्युएल पेपिस हा आरमाराच्या कचेरीतील मोठा अधिकारी. त्याने जॉन सेल्डन या पंडिताच्या संग्रहात भर घालीत सुमारे अठराशे कथागीते जमविली. ती पाच खंडांत बांधून ठेवलेली असून केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात त्याच्या इतर ग्रंथांसमवेत आजही आहेत. पेपिसने हे कागद कापून, कडा छाटून, वह्यांत चिकटविले. आजच्या संग्राहकाच्या अंगावर हे वाचून काटा येईल. परंतु त्याने ते छाटून का होईना ठेवले, म्हणूनच त्या काळातील रस्त्यावरचे गाणे हाती लागले. ज्यांनी भिंतीवर लावले त्यांच्या भिंतीही आता राहिल्या नाहीत.

खाजगी छापखान्याची कल्पना या रस्त्यावरच्या छपाईच्या अगदी उलट टोकाला जन्मली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाफेच्या यंत्रांनी छपाई विलक्षण स्वस्त आणि तितकीच निस्तेज केली होती. लाकडाच्या लगद्याचा कागद वर्षा-दोन वर्षांत पिवळा पडे. या अवनतीला विटून विल्यम मॉरिस या कवी-कारागिराने १८९१ मध्ये लंडनजवळ हॅमरस्मिथ येथे ‘केल्म्स्कॉट प्रेस’ काढला. स्वतः आखलेले खिळे, चिंध्यांपासून केलेला हातकागद, हाताने दाबावयाचे यंत्र आणि मोजक्या प्रती, अशी त्याची रीत होती. १८९६ मध्ये पूर्ण झालेल्या चॉसरच्या समग्र ग्रंथाच्या ४२५ प्रती कागदावर आणि १३ प्रती चर्मपत्रावर निघाल्या. अशा छापखान्याला ‘खाजगी’ म्हणावयाचे ते गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे न छापता मालकाच्या आवडीप्रमाणे छापण्यामुळे. नफा त्याला वर्ज्य नसतो. मात्र काय छापावे हे नफ्याने ठरवू नये एवढाच त्याचा आग्रह असतो.

या दोन धारा, म्हणजे रस्त्यावरचे गाणे आणि कारागिराची छपाई, जेथे एकत्र आल्या ते ठिकाण आयर्लंडमध्ये आहे. १९०२ मध्ये एव्हलिन ग्लीसन या बाईंनी डब्लिनजवळच्या डन्ड्रम गावी ‘डन एमर’ नावाची एक संस्था काढली. आयरिश मुलींना विणकाम, भरतकाम आणि छपाई शिकवून स्वावलंबी करावे हा तिचा हेतू. त्या कामासाठी लंडनहून दोन बहिणी आल्या. कवी विल्यम बटलर येट्स यांच्या त्या भगिनी. थोरली सुसान भरतकाम पाही. ते ती मॉरिसच्या मुलीच्या हाताखाली शिकली होती. धाकटी एलिझाबेथ हिने स्त्रियांच्या एका मुद्रणसंस्थेत अल्पकाळ शिक्षण घेऊन छापखाना अंगावर घेतला. मॉरिसचा सल्लागार एमरी वॉकर याने तिलाही मार्गदर्शन केले. ‘आल्बियन’ जातीचे एक जुने हातयंत्र, अठराव्या शतकातील कॅस्लन वळणाचे खिळे आणि डब्लिन परगण्यातच तयार होणारा चिंध्यांचा कागद एवढ्या भांडवलावर १९०३ मध्ये पहिले पुस्तक निघाले. १९०८ मध्ये बहिणी वेगळ्या झाल्या आणि चर्चटाउन येथे त्यांनी ‘क्वाला प्रेस’ या नावाने आपला संसार थाटला.

त्याच वर्षीच्या जून महिन्यात क्वालाचे ‘अ ब्रॉडसाइड’ सुरू झाले. दरमहा एक अंक. वर्षाची वर्गणी टपालखर्चासह बारा शिलिंग. प्रत्येक अंकाच्या माथ्यावर ‘फक्त ३०० प्रती’ ही अक्षरे छापलेली. चित्रे धाकटा भाऊ जॅक येट्स याची, आणि त्यांतील काही चित्रांवर छपाईनंतर कुंचल्याने हाताने रंग भरलेले. मजकुरात जुनी लोकगीते आणि त्यांच्या जोडीला जॉन मेसफील्ड, पॅड्रिक कॉलम, जेम्स स्टीफन्स यांच्यासारख्या तत्कालीन कवींच्या कविता. जॅकच्या चित्रांत नाविक, चाचे, सर्कशीतले लोक, शर्यतीचे घोडे, बाजारात गाणारा भिकारी अशी मंडळी वावरत. थोडक्यात, पेपिसच्या वह्यांतील जग त्याने पुन्हा उभे केले. फरक एवढाच की जे गीत पूर्वी पेनीला मिळे ते आता शिलिंगला, म्हणजे बारापट किमतीला मिळू लागले, आणि ते घेणारा भिंतीला खळीने चिकटविणाऱ्यांपैकी नव्हता.

येथे एक कीस काढण्याजोगा मुद्दा आहे आणि संग्राहक तो हौसेने काढतात. क्वालाचे ‘ब्रॉडसाइड’ काटेकोर अर्थाने ब्रॉडसाइड नव्हेच. एक कागद मधोमध दुमडून त्याची चार पृष्ठे केलेली असत. नावात एकपानी आणि हातात चौपानी! परंतु एलिझाबेथने नाव घेतले ते आकाराचे नसून परंपरेचे होते, हे लक्षात घेतले की या वादात फारसा अर्थ उरत नाही.

मे १९१५ मध्ये ही मालिका थांबली. सात वर्षे, ८४ अंक, प्रत्येकी ३०० प्रती, म्हणजे एकूण २५,२०० कागद. हाताने यंत्राचा दांडा ओढून छापणे म्हणजे काय, याची कल्पना या आकड्यावरून यावी. खिळ्यांना रूळाने शाई लावावयाची, कागद बसवावयाचा, दांडा ओढावयाचा, कागद उचलून वाळत घालावयाचा. पुन्हा दुसरी बाजू. त्यानंतर रंगाचे काम, आणि तेही प्रत्येक प्रतीवर वेगळे. त्यामुळे एकाच अंकाच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर एकीतील समुद्र किंचित गडद आणि दुसरीतील किंचित फिका दिसतो. हे सारे काम गावातील थोड्या मुली करीत आणि महिना कधी चुकत नसे. या काळात छापखाना पुस्तकेही काढीत होता. भारतीय वाचकाला त्यांतील एकाचे विशेष अगत्य वाटेल. रवींद्रनाथांच्या ‘डाकघर’ नाटकाचे देवब्रत मुखर्जी यांनी केलेले इंग्रजी भाषांतर येट्स यांच्या प्रस्तावनेसह १९१४ मध्ये येथेच हातयंत्रावर छापले गेले. त्याच्या ४०० प्रती काढल्या होत्या.

एवढे करूनही क्वालाची तंगी कधी संपली नाही आणि थोरल्या भावाला वेळोवेळी पदरमोड करावी लागली. आता या अंकांचे मोल पाहून त्या काटकसरीचा विसर पडतो. हे छापणाऱ्या बाईला ‘दुर्मिळता’ निर्माण करावयाची नव्हती. महिन्याअखेर मुलींचा पगार भागावा एवढे वर्गणीदार तिला हवे होते. ३०० हा आकडा तिच्या हातांच्या शक्तीचा होता. १९३५ मध्ये आणि पुन्हा १९३७ मध्ये कवी येट्स यांनी या मालिकेचे पुनरुज्जीवन केले. पहिल्या खेपेस एफ. आर. हिगिन्स आणि दुसऱ्या खेपेस डॉरथी वेलस्ली हे त्यांचे सहसंपादक होते. या वेळी शब्दांबरोबर स्वरलिपीही छापली जाई, कारण गीत हे गाण्यासाठी आहे असा येट्स यांचा हट्ट होता. प्रती पुन्हा ३००.

मर्यादित आवृत्तीचा आकडा पाहताना नेमका हाच भेद ध्यानात ठेवावा लागतो. काही आकडे कामाच्या स्वरूपातून येतात. हाताने रंग भरावयाचा तर हजार प्रती निघत नाहीत. काही आकडे मात्र बाजाराकडे पाहून ठरविलेले असतात. खिळ्यांच्या छपाईत तीनशे काय, तीन हजार प्रतींनीही अक्षरे फारशी झिजत नाहीत. तेव्हा ‘५० प्रतींनंतर खिळे मोडले’ अशी ग्वाही एखादा छापखाना देतो, ती गरज म्हणून दिलेली नसते, ते एक आश्वासन असते. त्यात गैर काही नाही; फक्त आश्वासन आणि गुण या दोन वस्तू निराळ्या आहेत. त्याचप्रमाणे ‘३००पैकी ३’ असा क्रमांक असलेली प्रत ‘३००पैकी २९०’ या प्रतीपेक्षा श्रेष्ठ, ही समजूतही निराधार आहे. ताम्रपटावरील सुईकामाच्या चित्रांत आरंभीचे ठसे खरोखर सरस येतात, कारण तेथे रेघेची कड दाबाखाली लवकर बसते. खिळ्यांच्या बाबतीत तसे घडत नाही, आणि कागद वाळल्यावर ते ज्या क्रमाने हाती येतात त्या क्रमानेच बहुधा त्यांच्यावर आकडे पडतात.

जाणता संग्राहक आकड्याआधी कागद पाहतो. तो तिरपा धरून प्रकाशात न्याहाळला तर खिळ्याने केलेला सूक्ष्म खोलगटपणा दिसतो आणि पाठीमागून बोट फिरविल्यास तो जाणवतो. छायाचित्राच्या तंत्राने केलेल्या नकलेत हा उठाव नसतो. उजेडासमोर धरल्यावर कागदातील जलचिन्ह दिसते आणि त्यावरून कागदाची गिरणी व पुष्कळदा काळही कळतो. हातकागदाच्या कडा ओबडधोबड असतात. त्या सरळ कापलेल्या आढळल्या तर चौकटीत बसविण्यासाठी कोणीतरी कात्री चालविली असे समजावे. तळाशी छापखान्याची नोंद असते. खिळ्यांची जात, कागद, प्रतींची संख्या, तारीख यांचा तीत उल्लेख असतो आणि कवीची स्वाक्षरी असली तर तीही तेथेच. या चार ओळी पुष्कळदा कवितेइतक्याच काळजीने जुळविलेल्या असतात, आणि काही वेळा, स्पष्टच बोलावयाचे तर, कवितेपेक्षा अधिक काळजीने. सुंदर कागदावर सुंदर खिळ्यांनी सामान्य कविता छापण्याचा मोह खाजगी छापखान्यांना नेहमीच पडत आला आहे.

म्हणून एकपानी कवितेला एक प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते. ही कविता एकटीच का निघाली? संग्रहात इतर पन्नास कवितांबरोबर ती का थांबू शकली नाही? या प्रश्नाचे सर्वांत ठाम उत्तर ज्या कागदाने दिले तो हातकागद नव्हता, त्यावर हाताचे रंग नव्हते आणि तो छापणाऱ्याजवळ वारशाने आलेले नावही नव्हते.

१५ सप्टेंबर १९६३ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम शहरी कृष्णवर्णीयांच्या एका चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी बॉम्बस्फोट घडविला आणि त्यात चार मुली ठार झाल्या. डेट्रॉइटमधील डडली रँडल या कृष्णवर्णीय ग्रंथपालाने त्या घटनेवर जुन्या कथागीताच्या घाटात एक कविता लिहिली. मोर्चात जाऊ मागणाऱ्या मुलीला आई धोक्यापासून वाचविण्यासाठी चर्चमध्ये पाठविते, असा तिचा विषय. ‘बॅलड ऑफ बर्मिंगहॅम’ हे तिचे नाव. जेरी मूर या गायकाने तिला चाल लावली. तेव्हा कवितेवरील आपला हक्क सुरक्षित राहावा म्हणून रँडलने १९६५ मध्ये ती एका सुट्या कागदावर छापून प्रसिद्ध केली. कागदाचे नाव तेच छापखान्याचे नाव झाले, ‘ब्रॉडसाइड प्रेस’. ग्रंथपालाच्या पगारातील बारा डॉलर हे त्याचे भांडवल होते. तारुण्यात फोर्डच्या ओतशाळेत आणि नंतर टपालखात्यात राबलेल्या या मनुष्याला बारा डॉलर म्हणजे काय, हे चांगले ठाऊक होते.

पुढे रॉबर्ट हेडन, मार्गारेट वॉकर, मेल्व्हिन टॉल्सन यांनी त्याला आपल्या कविता दिल्या. ग्वेंडोलिन ब्रुक्स या तर १९५० मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळविलेल्या कवयित्री. त्यांची ‘वी रिअल कूल’ ही छोटी कविता काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या, भिंतीवर कोणी हाताने लिहावे तशा अक्षरांत निघाली. काही वर्षांनी ब्रुक्स यांनी आपला मोठा प्रकाशक सोडून नवी पुस्तके याच लहानशा संस्थेकडे दिली. १९६९ मधील ‘रायट’ हे त्यांतील पहिले. रँडलने कविता सुट्या कागदावर काढल्या त्या गरीब वाचकालाही घेता याव्यात म्हणून. त्या कागदांवर क्रमांक नव्हते आणि त्यांची संख्या मुद्दाम आखडती धरलेली नव्हती. तरीही आज त्या आरंभीच्या प्रती शोधणाऱ्याला त्या सहज मिळत नाहीत. त्या विकत घेतल्या गेल्या, शाळांच्या व घरांच्या भिंतींवर लागल्या, हातोहात फिरल्या आणि झिजल्या. ज्या कामासाठी त्या छापल्या ते काम त्यांनी केले, म्हणूनच त्या उरल्या नाहीत. लंडनमध्ये हॅरल्ड मन्रो याच्या ‘पोएट्री बुकशॉप’ने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मुलांच्या खोल्यांसाठी काढलेल्या रंगीत काव्यपत्रांची गतही अशीच झाली. मुलांनी वापरलेला कागद मोठेपणी कोणाला सापडतो?

तेव्हा दोन प्रकारची दुर्मिळता आहे. एक आधीच जाहीर केलेली आणि दुसरी वापराने आलेली. लिलावाच्या याद्यांत पहिलीला मान मिळतो, कारण ती आकड्यांत सांगता येते. साहित्याच्या दृष्टीने दुसरी अधिक मोलाची आहे, आणि संग्राहकाची खरी परीक्षा तिच्याच बाबतीत होते. क्वालाचा अंक त्याने घेतला नाही तरी दुसरा कोणी घेईल. बिनक्रमांकाचे, बिनतारखेचे, मळके पत्रक त्याने उचलले नाही तर ते कोणीच उचलणार नाही.

भारतात ही गोष्ट कलकत्त्याइतकी स्पष्ट कोठेच दिसत नाही. नोव्हेंबर १९६१ मध्ये मलय रायचौधुरी आणि त्यांच्या मित्रांनी ‘हंग्री जनरेशन’ या नावाने पहिले पत्रक काढले. ते पाटण्यात इंग्रजीत छापले गेले, कारण तेथे बंगाली छपाईची सोय त्यांना झाली नाही. त्यानंतरची पत्रके बंगालीत निघाली आणि कॉफी हाउसमध्ये फुकट वाटली गेली. रस्त्यावरच्या हस्तपत्रिकेसारखा तो एकेक कागद असे. १९६४ मध्ये मलय यांच्या एका कवितेवर अश्लीलतेचा खटला झाला. २८ डिसेंबर १९६५ रोजी खालच्या न्यायालयाने त्यांना २०० रुपये दंड ठोठावला आणि २६ जुलै १९६७ रोजी उच्च न्यायालयाने तो रद्द करून त्यांना निर्दोष ठरविले. एका कवितेसाठी न्यायालयाच्या दोन पायऱ्या चढाव्या लागल्या, त्यांचे दिनांक नोंदलेले आहेत. परंतु ज्या कागदांनी एवढी खळबळ उडविली त्यांपैकी बहुतेक आज हाती नाहीत. वाटणाऱ्याने ते वाटले, घेणाऱ्याने वाचून टाकून दिले.

याच शहरात संदीप दत्त या तरुणाने १९७२ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयात लघुनियतकालिकांचे गठ्ठे काढून टाकण्याच्या तयारीत पडलेले पाहिले. सरकारी ग्रंथालयाच्या बाजूने एवढे म्हणता येईल की ज्या प्रकाशनाला आकार नाही, नियमित क्रमांक नाही आणि कित्येकदा प्रकाशकाचा पत्ताही नाही, त्याची नोंद कोणत्या रकान्यात करावी हा कारकुनाला खरोखरच पेच असतो. परंतु दत्त यांना ते उत्तर पुरेसे वाटले नाही. २३ जून १९७८ रोजी कॉलेज स्ट्रीटनजीकच्या टेमर लेनमधील आपल्या राहत्या घरी त्यांनी लघुनियतकालिकांचे ग्रंथालय उघडले. शाळेत शिकवून उरलेला वेळ आणि पगारातील पैसा त्यांनी त्यात घातला. १५ मार्च २०२३ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत बंगाली कवितेचा अभ्यास करणाऱ्यांची पावले त्या घराकडे वळत राहिली. त्या संग्रहात मर्यादित आवृत्तीची ऐट कोणत्याच कागदाला नव्हती.

मराठी वाचकाला या प्रकारात अगदीच परके वाटू नये. मुंबईत पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ आणि त्यांच्या मित्रांनी काढलेले ‘शब्द’ हे सायक्लोस्टाइलवर निघत असे. १९६३ मध्ये अशोक शहाणे यांचे ‘असो’ आले. बंगालीतील नव्या लेखनाशी त्यांचा निकटचा परिचय होता. पुढे शहाणे यांच्याच ‘प्रास प्रकाशना’ने कोलटकरांची पुस्तके काढली. त्यांत कागद, अक्षर आणि समास यांकडे दिलेले लक्ष कोणत्याही खाजगी छापखान्याला शोभेल असे आहे. कोलटकर स्वतः जाहिरातक्षेत्रातील नाणावलेले चित्रकार होते. ही काही ब्रॉडसाइड नव्हेत. परंतु ज्या गरजेतून ब्रॉडसाइड जन्मते, म्हणजे प्रस्थापित प्रकाशकाची वाट न पाहता कविता आजच वाचकापर्यंत पोचली पाहिजे ही निकड, ती त्यांच्यामागेही होती. सायक्लोस्टाइलचा कागद छपाईच्या कागदाहूनही लवकर खराब होतो, आणि तो जपण्याची कोणाला आठवण होते तेव्हा त्याचे तुकडे होऊ लागलेले असतात.

जपणुकीचे शास्त्र फार कठीण नाही. मात्र या देशाच्या हवेत त्यात हयगय चालत नाही. कागदाचे शत्रू चार : ऊन, दमट हवा, कीड आणि प्रेमळ मालक. उन्हाने हाताचे रंग सर्वांत आधी उडतात, म्हणून रंगीत पान चौकटीत घालून उजेडाच्या भिंतीवर कायमचे टांगू नये. लावावयाचेच असेल तर काही महिन्यांनी उतरवून विसावा द्यावा आणि काच कागदाला टेकू देऊ नये. कोकणपट्टीतील आणि बंगालमधील पावसाळ्यात कागदावर तांबूस ठिपके उमटतात आणि बुरशी धरते. त्यासाठी बाहेरच्या भिंतीला लागून कपाट ठेवू नये आणि कोरड्या दिवशी ते उघडून हवा द्यावी. कसर आणि वाळवी यांना खळ फार प्रिय आहे, तेव्हा पाने वहीत चिकटविण्याची पेपिसची रीत येथे तर दुप्पट घातक. कागद सपाट ठेवावा, गुंडाळू नये. दोन पानांमध्ये आम्लविरहित कागद घालावा किंवा पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटात पान ठेवावे. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त प्लॅस्टिकच्या पिशव्या काही वर्षांत चिकट होऊन शाई ओढून घेतात.

प्रेमळ मालकाबद्दल थोडे अधिक सांगावयास हवे, कारण सर्वाधिक नुकसान तोच करतो. फाटलेल्या जागी तो चिकटपट्टी लावतो. तिचा डिंक कागदात मुरून तपकिरी डाग पडतो आणि तो पुन्हा निघत नाही. पान टिकावे म्हणून तो ते दोन प्लॅस्टिकच्या थरांत उष्णतेने कायमचे बंद करून आणतो, आणि मग कोणत्याही दुरुस्तीची वाट बंद होते. सुरकुती जावी म्हणून तो इस्त्री फिरवितो आणि खिळ्यांचा उठाव सपाट करून टाकतो. फाटलेला कागद फाटलेलाच, पण स्वच्छ पाकिटात ठेवणे हे या सर्व उपायांपेक्षा हितकर आहे.

आणखी एक काम संग्राहकाशिवाय दुसरे कोणी करू शकत नाही. खाजगी छापखान्याच्या कागदावर तारीख आणि संख्या असते. वाटलेल्या पत्रकावर बहुधा दोन्ही नसतात. ते पान कोठे, कोणत्या दिवशी, कोणाच्या हातून मिळाले, तेव्हा कोणती सभा वा कोणते कविसंमेलन चालू होते, हे त्याच दिवशी लिहून ठेवले तर पन्नास वर्षांनी अभ्यासकाला ते पान कवितेबरोबर आपला काळही सांगते. ही नोंद पानावर करू नये, पाकिटात घातलेल्या वेगळ्या चिठ्ठीवर करावी, आणि ती शाईने न लिहिता शिसपेन्सिलीने लिहावी.